सहासष्टावा अंक

नियतकालिकं सुरू कशी झाली, याच्या कहाण्या आपल्याकडे भरपूर लिहिल्या गेल्या आहेत. पहिला अंक, पहिलं संपादकीय, पदरमोड, छापखानेवाल्याची उधारी, सारं काही तपशिलानं सापडतं. शेवटाबद्दल मात्र एकच ओळ असते: ‘पुढे ते बंद पडले.’ मला या एका ओळीतच जास्त रस आहे. गेली वीसेक वर्षं मी यवतमाळ, दारव्हा, पुसद, वणी इथल्या रद्दीच्या दुकानांतून आणि जमेल तसं अमरावती-नागपूरहून बंद पडलेल्या मासिकांचे शेवटचे अंक गोळा करतो आहे. घरचे याला नाद म्हणतात, मी अभ्यास म्हणतो.

असे अंक शेजारी शेजारी मांडले की एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते. त्यांतल्या बहुतेकांना आपण शेवटचे आहोत हे ठाऊकच नसतं. कादंबरीचं प्रकरण ‘क्रमशः’ लिहून थांबलेलं असतं, आत पुढच्या विशेषांकाची जाहिरात असते, शेवटच्या पानावर वर्गणीचा फॉर्म असतो. (एका अंकातला फॉर्म कुणीतरी निळ्या शाईनं पूर्ण भरला होता. फाडून पाठवला मात्र नव्हता.) पण अंक का थांबला, कुणी थांबवला, थांबल्यावर त्या नावाचं काय झालं, याची कागदपत्रं आपल्याकडे क्वचितच उरतात. तसा माग काढता येईल असा अंक शोधताना मी भलत्याच ठिकाणी पोचलो: न्यूयॉर्कच्या मार्व्हल कंपनीच्या ‘द एक्स-मेन’ या चित्रकथा-मालिकेच्या सहासष्टाव्या अंकापाशी. मूळ अंक माझ्या आवाक्यातला नाही. माझ्याकडे आहे तो पुनर्मुद्रणाच्या जाडजूड काळ्या-पांढऱ्या खंडातला.

दिवाळी अंकाच्या वाचकाला हा विषय पोरखेळ वाटेल, म्हणून थोडी पार्श्वभूमी. मराठीतून वाचणाऱ्या आमच्या पिढीला चित्रकथेतला वीरपुरुष भेटला तो बहुतांशी ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधून. टाइम्स समूहानं मार्च १९६४मध्ये ली फॉकचा वेताळ घेऊन ती मालिका सुरू केली. मग मँड्रेक आला, फ्लॅश गॉर्डन आला, १९७६मध्ये आबिद सुरतींचा अस्सल देशी बहादूर आला, आणि १९९०मध्ये सगळंच थांबलं. हे सारे एकांडे शिलेदार. वेताळाला गुर्रन होता, मँड्रेकला लोथार होता, पण गोष्ट एकट्याची. एक्स-मेनचं तसं नाही. ती चमूची गोष्ट आहे, आणि चमू म्हटलं की आपल्याला पांडव आठवतात. इथंही पाचच जण आहेत, चौघे तरुण आणि एक तरुणी, आणि त्यांचे गुरू प्रोफेसर झेवियर चाकांच्या खुर्चीत बसलेले. पाचांनाही शक्ती मिळाल्या त्या वरदानानं नव्हेत, अपघातानंही नव्हेत. जन्मतःच शरीरात झालेल्या बदलानं. असा बदल झालेल्यांना तिथं ‘म्युटंट’ म्हणतात. सामान्य माणसं त्यांना घाबरतात, त्यांचा द्वेष करतात, आणि तरीही हे पाच जण त्यांच्याच रक्षणासाठी लढतात.

कल्पना चांगली होती. सप्टेंबर १९६३च्या पहिल्या अंकाचं लेखन स्टॅन ली यांचं आणि चित्रं जॅक कर्बी यांची, म्हणजे त्या घराण्यातले थोरले दोघे. पण दोघांच्याही हाताशी इतर मालिका होत्या आणि ही त्यांची सावत्र राहिली. विसाव्या अंकापासून लेखन रॉय थॉमस यांच्याकडे आलं, चित्रकार बदलत गेले. द्वेष आणि भय ही जी गाभ्याची गोष्ट, ती मागे पडून दर महिन्याला एक नवा खलनायक आणि त्याच्याशी मारामारी एवढंच उरलं. पाचही जण गोरे अमेरिकी. चांगल्या शाळेत शिकणारे. यांना जग वाळीत टाकतं, हे वाचकानं नुसतं शब्दावर मान्य करायचं.

मग १९६९च्या मे महिन्याच्या अंकापासून नील अ‍ॅडम्स हे तरुण चित्रकार आले. पुढे मुलाखतींत त्यांनी सांगितलं आहे की तुमची सर्वांत कमी खपणारी मालिका मला द्या, असं त्यांनीच ली यांना म्हटलं होतं. तिथं आपल्याला हवं ते करता येईल, कुणी अडवणार नाही, हा हिशेब. अ‍ॅडम्स यांनी पानावरच्या चौकोनी चौकटी मोडल्या, तिरप्या केल्या, माणसांना खरे स्नायू आणि खरे चेहरे दिले. आजही जुन्या एक्स-मेनची चर्चा निघाली की त्यांच्या त्या मोजक्या अंकांबद्दलच बोललं जातं. त्यांचा शेवटचा अंक पासष्टावा. त्यात प्रोफेसर झेवियर, जे मेले असं बऱ्याच अंकांपूर्वी दाखवलं होतं, ते जिवंत निघतात (मेला तो त्यांचं सोंग घेतलेला दुसराच) आणि मनाच्या सामर्थ्यानं परग्रहावरचं आक्रमण परतवतात.

त्यानंतरचा हा सहासष्टावा. मार्च १९७०, किंमत १५ सेंट. लेखन थॉमस, पेन्सिलकाम सॅल बुसेमा, शाई सॅम ग्रेंजर. अभ्यासक सहसा या अंकावरून एका वाक्यात पुढे जातात, आणि चित्रांच्या दृष्टीनं त्यात अन्याय नाही. बुसेमा नेटके, भरवशाचे चित्रकार. पण अ‍ॅडम्सच्या पानांनंतर ही पानं म्हणजे जत्रेनंतरचं मैदान.

गोष्ट अशी. आधीच्या लढाईच्या ताणानं प्रोफेसर बेशुद्ध पडले आहेत. शिष्यांना काही सुचत नाही. ग्लानीत प्रोफेसरांच्या तोंडून एकच नाव निघतं: हल्क. हल्क म्हणजे राग आला की हिरव्या राक्षसात बदलणारा शास्त्रज्ञ ब्रूस बॅनर. शिष्य अर्थ लावतात की बॅनरनं बनवलेल्या एका यंत्रानं गुरूंचा थकलेला मेंदू पूर्ववत होईल. ते हल्कच्या मागे लास वेगासला जातात. हल्कला कुणाशी बोलायचं नसतं, मारामारी होते. एक्स-मेन त्याला हरवू शकत नाहीत, पण यंत्र मिळवतात. गुरू शुद्धीवर येतात. संपलं. निरोपाचा शब्द कुठंही नाही.

हा अंक मी पुन्हा पुन्हा वाचतो तो या कथेसाठी. जे मासिकाचं चाललं होतं तेच कथेत चाललं आहे. घरातला कर्ता माणूस निपचित पडला आहे आणि पोरं शेजारच्या श्रीमंताच्या दारात औषध मागायला गेली आहेत. हल्क तेव्हा एक्स-मेनपेक्षा लोकप्रिय होता आणि १९६८पासून त्याचं स्वतंत्र मासिक होतं. खप घसरलेल्या मालिकेत लोकप्रिय पाहुणा आणायचा, हा त्या धंद्यातला जुना उतारा. आपल्याकडे पडत्या मासिकाचा संपादक नामवंत लेखकाला ‘दोन पानं तरी द्या’ म्हणून गाठतो, तसाच. थॉमस यांनी हे जाणूनबुजून रूपक म्हणून लिहिलं असेल, असं मी म्हणत नाही. महिन्याचा अंक वेळेवर काढायचा असतो, तेव्हा माणूस समोर असेल त्यातून गोष्ट करतो, आणि समोर तेव्हा हेच होतं.

त्यातही एक गंमत आहे. हा तारणहार हल्क स्वतःच बंद पडून उठलेला. त्याचं पहिलं मासिक मे १९६२मध्ये निघालं आणि सहा अंकांत, मार्च १९६३मध्ये, गुंडाळलं गेलं. मग तो दुसऱ्यांच्या अंकांत पाहुणा म्हणून फिरला, १९६४मध्ये त्याला एका मासिकात अर्धी जागा मिळाली, आणि तीच वाढत वाढत १९६८मध्ये पुन्हा स्वतःचं घर झालं. एक्स-मेनच्या पुढच्या पाच वर्षांचा मार्गच हा पाहुणा त्यांना दाखवून गेला, असं आज म्हणता येतं.

आता अंक बंद का झाला ते पाहू. ‘खप नव्हता’ हे उत्तर खरं आहे, पण पुरेसं नाही. ज्याला तिथं पडता खप म्हणत, तो लाखाच्या वर होता. मराठी मासिकाच्या संपादकानं ऐकलं तर तो चहा पिता पिता थांबेल. खरी मेख आकडा कळण्याच्या वेळेत होती. तेव्हा अमेरिकेत चित्रकथा विकल्या जात त्या वर्तमानपत्रांच्या टपऱ्यांवर, औषधांच्या दुकानांत, फिरत्या मांडणीवर. न विकलेले अंक परत घेण्याची अट होती. पूर्ण अंक परत पाठवणं महाग, म्हणून विक्रेता मुखपृष्ठाचा वरचा, नावाचा पट्टा फाडून पाठवी आणि उरलेला अंक रद्दीत जाई. ते पट्टे मोजून, वितरकांच्या साखळीतून परत येऊन, खपाचा पक्का आकडा प्रकाशकाच्या टेबलावर यायला कित्येक महिने लागत. दरम्यान पुढचे चार-पाच अंक लिहून-काढून तयार असत.

यवतमाळात पेपरची एजन्सी चालवणाऱ्या कुणालाही ‘रिटर्न’ ही भानगड समजावून सांगावी लागणार नाही. तिथं फरक एवढाच की रिटर्नच्या आकड्यावर माणसांची कामं जात. प्रकाशक मार्टिन गुडमन यांनी एक्स-मेन बंद करायचं ठरवलं ते जुन्या आकड्यांवर. अ‍ॅडम्सच्या अंकांचा खप वर जातो आहे, हे कळलं तोवर निर्णय होऊन गेला होता, असं थॉमस यांनी नंतर सांगितलं आहे. म्हणजे मरणाचा दाखला आधी निघाला आणि नाडी लागल्याची बातमी मागून आली.

इथं माझ्या संग्रहातल्या मराठी अंकांकडे एकदा वळून पाहावंसं वाटतं. आपलं वाङ्मयीन मासिक टपरीवर जगत नाही, वर्गणीदारावर जगतं. वर्गणीदार म्हणजे नाव-पत्ता असलेला वाचक. तो कमी झाला तर संपादकाला त्याच महिन्यात कळतं, कारण नूतनीकरणाची मनिऑर्डर आलेली नसते. वर्षअखेर पोस्टानं परत आलेल्या अंकांवरचे ‘पत्ता बदलला’, ‘मयत’ हे शेरे संपादक स्वतः वाचतो. आकडा लहान, पण आंधळा नाही. म्हणून आपल्याकडे ‘सत्यकथा’ १९८२मध्ये थांबलं तेव्हा तो वाचकांना घरातला प्रसंग वाटला. एक्स-मेनचा वाचक मात्र टपरीवर गेला, अंक दिसला नाही, दुसरं काहीतरी घेऊन परतला. कुणी त्याला कळवलं नाही, कारण तो कोण हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

यापुढचा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो आणि त्याविषयीच सर्वांत कमी लिहिलं जातं. मार्च १९७०नंतर काही महिने सामसूम गेली. मग डिसेंबर १९७०मध्ये सदुसष्टावा अंक बाजारात आला. त्यात नवीन काही नव्हतं. १९६५च्या जुन्याच गोष्टी पुन्हा छापल्या होत्या. अ‍ॅडम्सच्या अंकांच्या आकड्यांनी प्रकाशकाला एवढं पटलं होतं की हे नाव अगदीच मेलेलं नाही. नव्या कामाचा खर्च घालावा एवढं मात्र पटलं नव्हतं. पुनर्मुद्रणासाठी त्या काळी लेखक-चित्रकारांना वेगळं मानधन द्यावं लागत नसे. कागद, शाई, छपाई, बस्स. असे सत्तावीस अंक निघाले, एप्रिल १९७५च्या त्र्याण्णवाव्या अंकापर्यंत. १९७३मध्ये ग. दि. माडगूळकरांच्या अध्यक्षतेखाली आमच्या यवतमाळात साहित्य संमेलन भरलं, तेव्हा तिकडे हे मासिक शिळ्या कढीला ऊत आणत होतं.

पण त्या शिळ्या कढीनं एक काम केलं. मासिकाचा क्रमांक चालू राहिला. टपरीवरच्या मांडणीत त्या नावाची जागा राहिली, वितरकाच्या यादीत ओळ राहिली, आणि १९६५ साली जन्मलेल्या मुलाला १९७३ साली हे नाव ताज्या कागदावर वाचायला मिळालं. आपल्याकडे अनंत पै यांच्या ‘अमर चित्र कथे’चं असंच काहीसं झालं. १९९१च्या सुमारास नवी पुस्तकं निघणं थांबलं, पण जुन्यांची छपाई चालू राहिली आणि मालिका घराघरांत टिकली. ‘इंद्रजाल’च्या वाट्याला हे आलं नाही. वेताळ नंतर इतर प्रकाशकांकडे अधूनमधून दिसला, पण ‘इंद्रजाल’ हे घर मोडलं ते मोडलंच. मराठीतला ‘चांदोबा’ तर दोन्ही प्रकारांनी गेला. १९५२पासून मराठीत येणारं हे मासिक १९९८मध्ये मद्रासच्या मूळ संस्थेतल्या तंट्यात थांबलं, पुढच्या वर्षाच्या अखेरीला पुन्हा सुरू झालं, २००७मध्ये मुंबईच्या एका सॉफ्टवेअर कंपनीकडे गेलं आणि २०१३च्या आसपास कायमचं संपलं. दर महिन्याला झाडावर परत जाणाऱ्या वेताळाला खांद्यावर टाकणारा विक्रम ज्यात छापला जाई, त्या मासिकाला पुन्हा झाडाकडे नेणारं कुणी उरलं नाही.

एक्स-मेनची माणसं दरम्यान दारोदार फिरत होती. बीस्टला १९७२मध्ये दुसऱ्या एका मासिकात जागा मिळाली आणि तिथं त्याच्या अंगावर केस उगवले. १९७४मध्ये उरलेले कॅप्टन अमेरिकाच्या मासिकात पाहुणे गेले. आणि त्याच वर्षी हल्कच्या मासिकात, १८०व्या अंकाच्या शेवटी आणि १८१व्या अंकात, कॅनडाहून आलेलं एक बुटकं, रागीट, हाताला धातूची नखं असलेलं पात्र अवतरलं. त्याचं नाव वुल्व्हरिन. मराठी वाचकानं पुढे सिनेमाच्या पडद्यावर पाहिला तो हाच. लेखन लेन वीन, चित्रं हर्ब ट्रिम्पी, पोशाखाची आखणी जॉन रोमिटा. सहासष्टाव्या अंकात ज्या हल्कच्या दारात एक्स-मेन औषध मागायला गेले होते, त्याच दारातून त्यांचा सर्वांत गाजलेला गडी बाहेर आला. हे कुणी योजलं नव्हतं, पण अंक समोरासमोर ठेवून वाचणाऱ्याला ते दिसल्याशिवाय राहत नाही.

मालिका नव्यानं उभी करण्याची कल्पना वाङ्मयीन नव्हती, व्यापारी होती. परदेशांत माल खपवायचा तर निरनिराळ्या देशांचे वीर असलेला चमू काढा, अशी सूचना कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष अल लँडाव यांनी केली. थॉमस तेव्हा संपादक होते. त्यांना आपली जुनी बंद पडलेली मालिका आठवली. मे १९७५मध्ये ‘जायंट-साइझ एक्स-मेन’ हा जाड अंक निघाला. लेखन वीन, चित्रं डेव्ह कॉकरम. जुने शिष्य एका जिवंत बेटानं गिळले आहेत, म्हणून प्रोफेसर जगभर फिरून नवे गोळा करतात: केनियात देवी म्हणून पुजली जाणारी, पाऊस पाडणारी स्टॉर्म, जर्मनीत जमावाच्या हातून जिवे जाता जाता वाचलेला, सैतानासारखा दिसणारा नाइटक्रॉलर, रशियातल्या सामुदायिक शेतीवरचा कोलोसस, अपाची जमातीचा थंडरबर्ड, शिवाय आधीच्या अंकांतले जपानी सनफायर आणि आयरिश बँशी, आणि वुल्व्हरिन.

व्यापारी सूचनेतून आलेल्या या यादीनं बारा वर्षं न साधलेली गोष्ट साधली. नाइटक्रॉलरच्या मागे जमाव पलिते घेऊन लागतो, तेव्हा जग या लोकांना घाबरतं हे सांगावं लागत नाही, दिसतं. सहासष्टाव्या अंकात ज्याची उणीव होती ती नेमकी हीच. तिथं पाचही जण लास वेगासच्या रस्त्यावर गर्दीत मिसळून जातील असे होते.

ऑगस्ट १९७५मध्ये नियमित मासिकात नव्या गोष्टी सुरू झाल्या तेव्हा अंकावर क्रमांक एक नव्हता, चौऱ्याण्णव होता. पुनर्मुद्रणाचे सत्तावीस अंक हिशेबात धरले होते. लेखन आता क्रिस क्लेअरमाँट या तरुणाकडे आलं आणि १९९१पर्यंत, सोळा वर्षं, त्याच्याकडेच राहिलं. जातेवेळी त्यानं लिहिलेल्या नव्या मालिकेच्या पहिल्या अंकाच्या ८० लाखांहून अधिक प्रती निघाल्या. पण हे आकडे पाहून भुलायचं कारण नाही. नव्यानं सुरू झालेलं मासिक तीन वर्षं दोन महिन्यांतून एकदाच निघत होतं. १९७८मध्ये ते मासिक झालं. म्हणजे या उठलेल्या रोग्यालाही प्रकाशकानं बराच काळ पेजेवरच ठेवलं होतं.

माझ्या पुनर्मुद्रण-खंडात या सगळ्याचा मागमूस नाही. सहासष्टाव्या अंकाचं शेवटचं पान उलटलं की काही वर्षांनंतरची गोष्ट सुरू होते. ना वाचकांची पत्रं, ना जाहिराती, ना ती कित्येक महिन्यांची सामसूम. खंड करणारे कथा जपतात आणि काळ गाळतात. बंद पडलेल्या मासिकाचा सुटा अंक रद्दीतून उचलण्यात अर्थ आहे तो यासाठी.

त्या गाळलेल्या काळाकडे पुढे एकजण वळला. जॉन बर्न हे क्लेअरमाँटबरोबर या मालिकेवर काम करून नाव कमावलेले चित्रकार. त्यांनी १९९९च्या अखेरीस ‘द हिडन इयर्स’ नावाची मालिका सुरू केली. सहासष्टावा अंक जिथं संपतो तिथून, जणू मासिक बंद पडलंच नव्हतं अशा थाटात, ते पुढच्या गोष्टी सांगू लागले. जुने पाच शिष्य, तेच गुरू, तेच घर. १९७५पर्यंत पोचायला अजून बरीच वाट होती. बाविसाव्या अंकानंतर, सप्टेंबर २००१मध्ये, कंपनीनं तीही मालिका बंद केली.